यंदा पिवळ्याची पाळी

४ मे

धाकट्या,

पोर सुखरूप पोचली. हे आधी लिहिलं, कारण पहिली ओळ वाचून तू पत्र बाजूला ठेवणार आणि उरलेलं वहिनी वाचणार. फोनवर माझा आवाज आला की तू ‘हं’ म्हणून फोन तिच्याकडे देतोस. कागदाला निदान एक ओळ तरी तुझे डोळे मिळतात, म्हणून पत्र.

भिंगरी किती वाळलीय! तुम्ही तिला जेवायला घालता की नुसती हवा देता? खिडकीखालची खाट तिला दिली, मी आतल्या भिंतीला सरकले. आमचा पंखा टकटक करतो. पहिल्या दिवशी तिनं कानावर उशी दाबली होती. काल वीज गेली, टकटक थांबली, तर दचकून उठून बसली आणि म्हणाली, “आत्या, काय झालं?”

तिचं काम सुरू झालं. सकाळी वेळेवर निघते, वेळेवर परत येते. मोठ्या लोखंडी फाटकातून तिला आत जाताना मी स्वतः पाहिली. माणसं वाईट नाहीत. कामाबद्दल तिला फोनवर फार खोदून विचारू नकोस, दमून येते, बोलायला त्राण नसतं. तू दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलायस असं वहिनी म्हणाली. सांगितलंस ते सांगितलंस, आता फार घोळवत बसू नकोस.

तुझी,
ताई

४ मे, हे पाकिटात जाणार नाही

धाकट्या,

वरचं पत्र डकवून झालं. त्यात एक शब्द खोटा नाही आणि एक ओळ खरी नाही. आयुष्यभरात मला एवढीच लबाडी जमली. पण पोटात ठेवून घास उतरेना. ज्याला सांगावं असं माणूस तूच, आणि ज्याला सांगायचं नाही तोही तूच. म्हणून हे लिहून मी पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे.

ज्या ऑफिसात तिची उन्हाळ्याची उमेदवारी ठरली होती, जिथं मोठमोठ्या इमारतींचे आराखडे निघतात, तिथं पहिल्या दिवशी तिला बाकावर बसवून ठेवलं. जेवणाची वेळ झाली, टळली. मग एक जण येऊन म्हणाला, जागा भरली, कळवायचं राहून गेलं. साहेबांच्या मेहुण्याचा मुलगा आलाय. पोर तिथून बॅग घेऊन चालत माझ्याकडे आली. घरी नाही, कामावर. मोठं लोखंडी फाटक म्हणजे माझंच फाटक, धाकट्या. पाणी शुद्ध करायच्या केंद्राचं.

इथं दर उन्हाळ्यात कॉलेजची पोरं येतात. युवक कार्यक्रम म्हणतात त्याला. पोरांना कामाची ओळख व्हावी, असा हेतू आहे. ओळख करून द्यायला कुणाला सवड नसते ही गोष्ट वेगळी. यंदा एक पोरगा आलाच नाही, त्याची जागा रिकामी होती. कार्यक्रमाच्या बाईंना मी गाठलं. म्हटलं, माझी भाची आहे, बांधकामाचंच शिकते. बाई फोनमधून मान वर न करता म्हणाल्या, “ऊन सोसेल ना?” झाली नेमणूक.

तू तिला बजावून पाठवलंस ते तिनं मला सांगितलं. उन्हाळ्यात धड ठिकाणी काम करून प्रमाणपत्र आणलंस तर शेवटचं वर्ष, नाहीतर कॉलेज पुरे, दुकानात बस. ती माझा हात धरून म्हणाली, “आत्या, बाबांना इतक्यात सांगू नकोस. प्रमाणपत्र हातात येऊ दे, मग मी सांगते.”

मी म्हटलं, “अगं, सांगायला तो माझ्याशी बोलतो कुठे!”

दोघी हसलो.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. आमचे हे गेल्यावर तू मला न्यायला आला होतास, ते मला माहीत आहे. वहिनीनं खोलीसुद्धा झाडून ठेवली होती. तू रस्त्यापलीकडे उभा राहिलास. मी निळ्या गणवेशात फाटकावर, कुणापुढे तरी वही सरकवून विचारत होते, “कुणाला भेटायचंय?” तू तिथूनच मागे फिरलास. बहीण फाटकावर बसते, चार लोकांत काय तोंड दाखवू, असं पुढे म्हणालास म्हणे. मला हाक मारायचीही सवड मिळाली नाही. वहीत माणूस अडकला होता.

इथला नियम तुला ठाऊक नसेल. आत येणाऱ्यानं नाव, वेळ आणि कुणाला भेटायचं ते लिहायचं. बाहेर पडताना ज्याला भेटला त्याची पुढे सही लागते. सही नसेल तर मी फाटक उघडत नाही. इंजिनिअर साहेबांच्या बायकोला एकदा उन्हात उभी केली होती मी, अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलणाऱ्यांत तू एकटा नाहीस.

ताई

१५ मे

धाकट्या,

तिला टेबल कुठे मिळालं असं तू विचारतोयस, वहिनीकरवी. मोकळ्या, हवेशीर जागी आहे. पाण्याचा गारवाही येतो. वरिष्ठ मोजकं बोलतात. बरोबर एक उंच पोरगा आहे, त्याला सगळे उंच्याच म्हणतात, कामाला बरा आहे आणि जिभेला जास्त बरा आहे. काळजी करू नकोस, तसला नाही.

हाताला थोडे फोड आलेत. पेन धरून नव्हे, आता हे लिहिलं ते लिहिलं. मलम लावलंय.

ताई

१५ मे, पिठाच्या डब्यामागे

फोडाचं लिहून बसले. म्हातारपणी हात सैल सुटतो.

कसले फोड ते इथं सांगते. आमच्याकडे एक मोठी गोल टाकी आहे, पाण्यातला गाळ खाली बसवायची. तिच्याभोवती लोखंडी कठडा. युवक कार्यक्रमाची पोरं आली की त्यांना तो रंगवायला देतात. दर उन्हाळी. कारण आठवड्याच्या आठवड्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो वर पाठवावे लागतात आणि त्यात काम दिसावं लागतं. रंगवलेला कठडा पुन्हा त्याच रंगानं रंगवला तर फोटोत काय फरक दिसणार? म्हणून एक वर्ष हिरवा, एक वर्ष निळा. यंदा पिवळ्याची पाळी. तू रंग विकणारा माणूस, तुला हे वाचून घेरी येईल. खालचा कुणी खरवडत नाही. खरवडलेलं फोटोत कळत नाही ना.

मी दुपारी डबा खाऊन तिथंच कठड्याला टेकून उभी राहते. गुडघे बोलायला लागलेत, बसलं की उठवत नाही, म्हणून टेकते. खालून पाण्याचा गारवा येतो. दिवसातली तेवढीच वेळ माझी.

भिंगरीनं पहिल्याच दिवशी कठड्यावर टिचकी मारून पाहिली. “आत्या, याच्या आत काय आहे?”

“लोखंड असेल.”

“असेल?”

तिनं पॉलिश पेपर मागितला. भांडारवाला म्हणाला तो आपल्याकडे येतच नाही, ब्रश आणि डबेच येतात. तर पोरीनं आपल्या पैशांनी बाजारातून आणला आणि बसली घासत. उंच्या पलीकडून सरासर पिवळा ओढत पुढे निघालेला, आणि ही एकाच खांबाशी. तो ओरडतो, “अहो इंजिनिअर, टाकीला प्रदक्षिणा घालून मी परत येईन तेव्हा तरी तो खांब सोडा!” ही म्हणते, “तू ये रे, तुझ्यामागे सगळं परत घासत यायचंय मला.”

कार्यक्रमाच्या बाई आल्या, फोटो काढला, फोनकडे पाहून तोंड वाकडं केलं. “हे ‘नंतर’ आहे का ‘आधी’?”

“मधलं आहे, मॅडम.”

“मधल्याला जागा नाही गं यात.”

मला हसू आलं. घरी येऊन पाय शेकताना ते वाक्य पुन्हा आठवलं, तेव्हा आलं नाही.

२४ मे, डब्यामागे

धाकट्या,

आज दोन गोष्टी झाल्या. कुठली आधी सांगू?

पोस्टमननं फाटकावर तुझं कार्ड दिलं. तुझं अक्षर अजून तसंच, उजवीकडे उताराला लागलेलं. ‘ताई, शेवटच्या दिवशी येतो आहे. तिच्या ऑफिसचा पत्ता कळव.’ मी ‘ताई’ हा शब्द किती वेळा वाचला असेन. बाहेर ट्रक हॉर्न वाजवून थकला. पत्त्याचं माझ्या लक्षात आलं ते बऱ्याच उशिरा. इतक्या वर्षांनी तू तोंड उघडलंस ते नसलेल्या ऑफिसचा पत्ता विचारायला.

कार्ड पदरात खोचून टाकीकडे निघाले, पोरीला दाखवावं म्हणून. ती नेमकी माझ्या टेकायच्या जागेशी घासत होती. रंगाच्या खपल्या निघत होत्या, हिरवी, निळी, पुन्हा हिरवी, एखाद्या जुन्या वहीची पानं सुटावीत तशा. मग तिचा हात आत गेला. आत म्हणजे आरपार. वरचा दांडा मधोमध मोडला, दोन्हीकडून तांबड्या भुशासारखा सांडला आणि डुबुक करून टाकीत. लोखंड कधीच संपलं होतं, धाकट्या. रंगच रंगाला धरून उभा होता. आणि त्याला मी टेकत होते.

उंच्यानं हातातला ब्रश खाली टाकला. भिंगरी पांढरीफटक. मला म्हणाली, “आत्या, मागे हो. मागे हो आधी.”

इंजिनिअर साहेब आले. कंबरेवर हात ठेवून पाहत राहिले. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. नव्या कठड्याची मागणी वर पाठवायची म्हणजे आतापर्यंत काय केलं ते विचारणार. म्हणाले, “लाकडी दांडा बसवा, पट्टी गुंडाळा, पिवळा मारा. मोठे साहेब शेवटच्या दिवशी येऊन बघून जाऊ देत. पुढच्या वर्षी बघू.”

कार्यक्रमाच्या बाई म्हणाल्या, “रंग पूर्ण, तर प्रमाणपत्र. नाहीतर मला ‘काम अपूर्ण’ लिहावं लागेल. माझ्या हातात काही नाही गं.” त्यांचाही चेहरा उतरला होता.

२७ मे, डब्यामागे

मी तिला सांगितलं, रंग मार.

हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, निदान इथं तरी. भाजी निवडता निवडता म्हटलं, “मार गं बाई एक हात. तू लावल्यानं काय मोठं वाकडं होणार आहे? प्रमाणपत्र घे, बाप येईल त्याला काहीतरी सांगू, वर्ष पदरात पाड.” पत्त्याची थापही मी योजून ठेवली होती. ऑफिस दुरुस्तीसाठी बंद आहे, असं सांगायचं आणि तुला परस्पर घरी आणायचं.

तिनं एक शेंग उचलली. मग म्हणाली, “बाबा गिऱ्हाइकाला काय सांगतात माहीत आहे तुला?”

“मला कुठून माहीत असणार?”

“आधी गंज काढा, मग माझ्याकडे रंगाला या. गंजावरच मारायचा असेल तर दुसरं दुकान बघा. निम्मं गिऱ्हाईक पायरीवरून परत जातं. आई डोकं आपटून घेते. मी शाळेतून आले की काउंटरमागे बसून हेच ऐकायची. आणि आत्या, तिथं तू टेकतेस. तू नाही टेकलीस तरी दुसरं कुणीतरी टेकेल.”

“अगं, पण कॉलेज?”

“तेच तर.” तिनं शेंगेच्या शिरा काढल्या, एकेक. “मला भीती वाटतेय, आत्या. पण नाही मारणार मी.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. रागही आला तिचा. एवढं मी तोंडाला कुलूप घालून वावरतेय, एवढं कातरून कातरून लिहितेय, आणि हिला एक हात रंग जड झाला. मग वाटलं, ही आपल्या घरातलीच आहे. रस्त्यापलीकडून मागे फिरणारा तूही असाच ताठ.

३१ मे

धाकट्या,

हे पत्र वहिनीला देऊ नकोस. तू वाच, पूर्ण वाच, मग तिला दे.

तुझी पोर त्या ऑफिसात कधीच नव्हती. पहिल्या दिवशीच जागा भरली म्हणून सांगितलं. ती इथं, माझ्या फाटकाच्या आत, उन्हात कठडा घासते. मी तुला जे लिहिलं ते तिनं लिहायला सांगितलं नव्हतं, ती फक्त गप्प राहा म्हणाली होती. कापून कापून लिहायची कारागिरी माझी. सोबत डब्यामागची सगळी पत्रं घातली आहेत. पिठाचा वास येईल, झटकून वाच. तिकिटं जास्त लावली आहेत, पाकीट जड झालंय.

तिला प्रमाणपत्र मिळणार नाही. काम अपूर्ण. तिनं मोडक्या जागेला दोरी बांधली, दोरीला आपली लाल ओढणी बांधली, आणि साहेबांना सांगितलं, “मी यावर रंग लावणार नाही. बाकीचं घासून देते.” साहेब निघून गेले. दोरी सोडा असं मात्र कुणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी उंच्यानं पिवळा डबा झाकला आणि येऊन तिच्याशेजारी घासायला बसला. म्हणतो, “माझंही अपूर्णच लिहा, एकटीचं काय लिहिता.”

रागावायचं तर माझ्यावर रागाव. तुला त्याची सवय आहे, मलाही झाली आहे, दोघांचं निभेल. तिच्यावर मात्र काही बोलण्याआधी एवढं लक्षात घे, की हे तिला कॉलेजनं शिकवलेलं नाही. ते तुझ्या काउंटरमागचं आहे.

‘तू नाही आलास तरी पोरीला मी ठेवून घेईन’ असं लिहिलं होतं, खोडलं. ती तुझी आहे. दुकानात बस म्हणालास तर बसेल. गिऱ्हाईक परत पाठवायला तुला सोबत होईल.

तू पत्ता विचारला होतास. पत्ता तोच. तुला माहीत आहे, रस्त्यापलीकडे एकदा येऊन गेलायस.

ताई

१० जून

धाकट्या,

तू स्वतः होतास, तरी लिहिते. घरी जाऊन तू ‘आलो जाऊन’ एवढंच म्हणाला असणार, आणि वहिनी तुझ्या तोंडाकडे बघत बसली असणार. हे तिला वाचून दाखव. नाहीतर तीच वाचेल.

वहिनी, तो आला. त्याच जागी, रस्त्यापलीकडे उभा राहिला. मी खुर्चीवरून उठले नाही. उठले असते तर गुडघ्यानं दगा दिला असता, आणि त्याला वाटलं असतं मी पाया पडतेय की काय. हातात पिशवी, तिच्यातून तारेच्या ब्रशांच्या मुठी बाहेर आलेल्या. दोन मोटारी जाऊ दिल्या. तिसरीही जाऊ दिली, ती तर बरीच लांब होती. मग रस्ता ओलांडला.

माझ्यापुढे येऊन उभा. केस किती पिकले गं त्याचे! मला कुणी सांगितलंच नाही. तोंडातून रोजचं तेवढं निघालं. वही पुढे सरकवली आणि विचारलं, “कुणाला भेटायचंय?”

त्यानं पेन घेतलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यापाशी हात थांबला. पोर आत होती, मी समोर होते, बिचाऱ्याची केवढी पंचाईत. शेवटी लिहिलं, ‘कठडा’.

मी हसले नाही, वहिनी. तुझी शपथ. वही वाचली, मान हलवली, लहान दार उघडलं.

आत गेला तो थेट टाकीकडे. भिंगरी उठून उभी राहिली, हातात ब्रश, तोंडावर तांबडी धूळ. हा तिच्याशी बोलला नाही. कठड्यावर टिचक्या मारत पूर्ण फेरी घातली, डॉक्टर पाठीवर मारतो तशा. चार ठिकाणी थांबला, म्हणाला, “इथं पण दोरी बांध.” मग पिशवीतून ब्रश काढले, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या प्रायमरचा डबा काढला, बाह्या दुमडल्या आणि तिच्या शेजारी बसून घासायला लागला. उंच्या बघतच राहिला. त्यानं विचारलं, “काका, तुम्ही कुठल्या कार्यक्रमातून आलात?” तर हा म्हणाला, “घरच्या.”

मोठे साहेब आले तेव्हा अर्धा कठडा तांबडा, अर्धा पिवळा, मध्ये दोऱ्या आणि ओढणी. त्यांनी विचारलं हे काय आहे. इंजिनिअर साहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं आता पोरांवर ढकलतील. पण म्हणाले, “कठडा संपलाय, सर. नवीन लागेल.” एवढं बोलून त्यांनी असा श्वास सोडला, जणू कुणी त्यांच्या हातातली जड बॅग घेतली. प्रमाणपत्र मात्र मिळालं नाही. ‘काम अपूर्ण’ लिहून बाईंनी पोरीच्या पाठीवर हात फिरवला.

तो कागद भिंगरीनं स्वतः बापापुढे धरला. त्यानं वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. पुन्हा ब्रश उचलला. मग विचारलं, “कॉलेज कधी सुरू होतंय?”

“पुढच्या महिन्यात,” ती म्हणाली.

“मग तोवर पलीकडची बाजू उरकेल, नवा कठडा यायचा तेव्हा येईल. प्रायमर वाळल्याशिवाय हात लावू नकोस.”

बास. त्यावर तिनं डोळे पुसले आणि सगळ्या तोंडाला तांबडं करून घेतलं.

संध्याकाळी तो फाटकाशी आला. मी वही उघडून बसले होते. म्हटलं, “सही लागते.”

“केली की.”

“तुझी नाही. ज्याला भेटलास त्याची. त्याशिवाय उघडता येत नाही, नियम आहे.”

त्यानं वहीत पाहिलं, आपणच काय लिहून ठेवलंय ते वाचलं. मग मागे टाकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे.

“मग तूच कर,” तो म्हणाला.

मी ‘कठडा’च्या पुढे सही केली. आपल्या लहानपणीची, आईनं काढायला शिकवलेली, लांबलचक. तो ती पूर्ण होईपर्यंत थांबला. मग मी फाटक उघडलं. लहान दार नाही, मोठं.